सोंग आणि समूह : घुसाडीच्या निमित्ताने

नटाच्या मुखवट्याला लॅटिनमध्ये ‘पर्सोना’ म्हणत. ‘व्यक्ती’ या अर्थाचे युरोपीय शब्द त्यातूनच घडले. तरीही आधुनिक समीक्षेत मुखवटा म्हणजे खऱ्या ‘स्व’वर समाजाने चढविलेला खोटा चेहरा, हे समीकरण रूढ झाले. मराठीतील ‘सोंग’ हा शब्दही भूमिका आणि ढोंग या दोन अर्थांमध्ये वावरतो. चंद्रपूर जिल्ह्याच्या दक्षिण भागातील गोंडांची दंडारी मात्र या समीकरणाची फेरतपासणी करावयास लावते.

राजुरा-जिवतीचा डोंगराळ प्रदेश १९५६ च्या राज्यपुनर्रचनेपर्यंत हैदराबाद राज्यात, आदिलाबाद जिल्ह्यात होता. सीमा बदलली, परंपरा सामाईक राहिली. फ्यूरर-हैमेनडॉर्फ यांचा आदिलाबादच्या राजगोंडांवरील ग्रंथ १९४८ मध्ये प्रसिद्ध झाला, तोही याच सांस्कृतिक पट्ट्याविषयी आहे. येथे दिवाळीच्या सुमारास घुसाडी अवतरतो. त्याला लाकडी मुखवटा नसतो. मोरपिसांचा भव्य टोप, अंगाला फासलेली राख, खांद्यावरचे कातडे आणि हातातली काठी यांनी गावचाच माणूस अनोळखी होतो. त्याच्या ठायी देवत्वाचा वास मानला जातो. थट्टामस्करीची मुभा त्याला असते. पण सोंग उतरेपर्यंत स्नानही वर्ज्य असते. म्हणजे स्वातंत्र्य आणि बंधन ही एकाच साजाची दोन अंगे ठरतात. येथे सोंग ‘स्व’ला झाकीत नाही; समूहाच्या वतीने बोलण्याचा अधिकार ते त्याला देते. हा अधिकार पुरुषांपुरताच आहे, हेही नजरेआड करता येत नाही. स्त्रीचे सोंगही पुरुषच घेतो. उत्तरेकडील झाडीपट्टीच्या मराठी दंडारीतही स्त्रीपात्रे परंपरेने पुरुषांनीच रंगविली. लुगड्याआड कोण आहे हे प्रेक्षक जाणतात आणि त्या जाणिवेतच रंगतात.

खरा प्रश्न पुढचा आहे. २०२१ मध्ये आदिलाबाद परिसरातील घुसाडी कलावंत कनकराजू यांना पद्मश्री जाहीर झाली. या कलेला मान मिळाला, हे योग्यच झाले. परंतु दिवाळीचा काळ, व्रत आणि गाव यांपासून सुटून तोच साज जेव्हा सांस्कृतिक महोत्सवाच्या मंचावर येतो, तेव्हा त्याचा अर्थ पालटतो. गावात ज्या साजाने माणूस देवाचा होई, त्याच साजाने मंचावर तो केवळ ‘आदिवासी’ दिसतो. पाहणाऱ्याला अपेक्षित असलेला चेहरा त्याला धारण करावा लागतो. आधुनिक समीक्षा ज्याला मुखवटा म्हणते तो जंगलात नव्हता. तो मंचावर घडला. त्यामुळे सोंगाची चिकित्सा करताना ते कोणी घेतले, यापेक्षा ते कोणासाठी घेतले, हा प्रश्न अधिक मूलगामी ठरतो.