जुनं विकलं तर टॅक्स? सायकल, महाराज आणि आजीच्या पाटल्या

मागच्या महिन्यात मी हॉस्टेलपासून सोबत असलेली सायकल ऑनलाइन विकली. घेतली होती नऊ हजारांना, गेली साडेतीनला. यूपीआयवर पैसे आले आणि रूममेट म्हणाला, "चल, आता यावर टॅक्स भर!"

चेष्टाच होती, पण ही शंका खूप जणांना असते. डिसेंबर २०२४ आठवतोय? जैसलमेरला जीएसटी कौन्सिलची बैठक झाली, जुन्या गाड्यांवर १८ टक्के अशी बातमी आली आणि व्हॉट्सॲपवर नुसता गोंधळ. प्रत्यक्षात तो कर जीएसटी नोंदणी असलेल्या विक्रेत्याला, आणि तोही फक्त त्याच्या मार्जिनवर. आपण घरची गाडी विकली तर त्याचा संबंध नाही.

मग इन्कम टॅक्स? त्यासाठी थोडं मागे जाऊ.

जुन्याचा बाजार काही ॲपने आणलेला नाही. दारावर बोहारीण यायची, जुन्या साड्या घेऊन पातेलं द्यायची. त्या पातेल्यावर कर भरल्याचं कुणाच्या आईने सांगितलंय का? नाही ना? कारण कायद्यातच आहे.

फेब्रुवारी १९४७. अंतरिम सरकारचे अर्थमंत्री लियाकत अली खान यांच्या बजेटमधून भांडवली नफ्यावरचा कर आला. म्हणजे मालमत्ता विकून झालेल्या फायद्यावर कर. लवकरच तो गुंडाळला गेला. पुढे अर्थतज्ज्ञ निकोलस काल्डोर यांनी शिफारस केली आणि १९५६ मध्ये तो परत आणला गेला. पण एक सूट होती: स्वतःच्या आणि कुटुंबाच्या वापरातल्या वस्तू या 'मालमत्ते'त धरायच्या नाहीत. कपडे, फर्निचर आणि, लक्ष द्या, दागिनेसुद्धा!

१९६१ च्या आयकर कायद्यातही हे तसंच राहिलं. मग १९७२ च्या वित्त कायद्याने दागिने या सवलतीतून बाहेर काढले. इतके बाहेर, की कपड्यांत शिवलेले हिरे-माणकंही दागिनेच धरायचे. २००७ मध्ये चित्रं, शिल्पं, पुरातन वस्तूंचे संग्रहही बाहेर गेले.

दरम्यान एक भारी केस झाली. धोलपूरचे महाराज राणा हेमंतसिंहजी म्हणाले, आम्ही विकलेली सोन्याची नाणी आणि चांदीच्या लगडी लक्ष्मीपूजनात ठेवायचो, म्हणजे त्या वैयक्तिक वापराच्याच. १९७६ मध्ये सुप्रीम कोर्टाने हे मान्य केलं नाही. वस्तूचा माणसाच्या रोजच्या जगण्याशी जवळचा संबंध हवा, पूजेला मांडली म्हणून लगड घरगुती होत नाही.

म्हणून माझी सायकल, तुमचा जुना फोन, सोफा यांवर कर नाही. पण तोटाही दाखवता येत नाही, हिशेब दोन्हीकडून बंद. मात्र वीस फोन विकत घेऊन नफ्याने विकायला लागलात, तर तो धंदा झाला आणि धंद्याचा नफा करपात्र. ऑनलाइन विक्रीचा माग आता राहतोही. ऑक्टोबर २०२० पासून ई-कॉमर्स कंपन्यांना विक्रेत्यांचा टीडीएस कापावा लागतो. पॅन किंवा आधार दिलेल्या व्यक्तीला वर्षाला पाच लाखांपर्यंतच्या विक्रीवर त्यातून सूट आहे.

राहिलं सोनं. माझ्या बीटेकच्या पहिल्या वर्षाच्या फीसाठी आजीने पाटल्या मोडल्या. बाबा नको नको म्हणत होते. ती म्हणाली, "अरे, सोनं अडीनडीलाच असतं." चाळीस वर्षं हातात घातलेल्या पाटल्या, पण कायद्याच्या दृष्टीने ती मालमत्ता. आजीला दुसरं उत्पन्नच नव्हतं, त्यामुळे तिला कर लागला नसता. पण तेव्हा हा प्रश्न घरात कुणाला सुचलाही नाही. आज तुम्ही घरचं सोनं विकणार असाल तर सुचू द्या. आईकडून किंवा आजीकडून आलेल्या सोन्याला त्यांची खरेदी किंमत धरतात, आणि ते १ एप्रिल २००१ च्या आधीचं असेल तर त्या दिवसाचा बाजारभाव धरता येतो. म्हणून जुन्या पावत्या जपा.

कायदा विचारतो, वस्तू वापराची की संपत्ती? आजीला विचारलं असतं तर ती म्हणाली असती, दोन्ही. १९७२ पर्यंत कायदाही दागिन्यांना वापरातली वस्तू मानायचा.

आजच्यापुरतं एवढंच. घरी विचारा, तुमच्या शिक्षणासाठी काय मोडलं होतं. भेटूया पुढच्या भागात!