११ फेब्रुवारी : जेद्दाची प्रेमकथा बर्लिनला

६६व्या बर्लिन चित्रपट महोत्सवाचा पडदा २०१६ मध्ये आजच्याच दिवशी उघडला. नागराज मंजुळे यांचा ‘सैराट’ तिथे होता. त्याच महोत्सवाच्या फोरम विभागात सौदी दिग्दर्शक महमूद सब्बाग यांचा ‘बरका योकाबिल बरका’ हा अरबी प्रेमविनोदी चित्रपट झळकला.

नायक बरका जेद्दा या सौदी शहराच्या पालिकेतला साधा कर्मचारी. हौशी नाटकात तो चक्क ‘हॅम्लेट’ची नायिका ऑफेलिया साकारतो. नायिकेचे नावही बरकाच, पण इन्स्टाग्रामवर ती बीबी म्हणून प्रसिद्ध. प्रेम जुळते, पण भेटायचे कुठे? फुटाळा तलावाच्या काठावर निवांत बसणाऱ्या नागपुरी जोडप्यांना ही तगमग कळेल. अविवाहित स्त्री-पुरुषाने चारचौघांत एकत्र बसण्याचीच सौदीत तेव्हा चोरी होती. सब्बाग तक्रारीचा सूर लावत नाहीत. ते आक्षेपार्ह गोष्टी पडद्यावर मुद्दाम धूसर करतात आणि सेन्सॉरशिपचाच विनोद होतो. फार देखणी युक्ती!

चित्रपटाला महोत्सवातील एक्युमेनिकल (ख्रिस्ती चर्च संघटनांच्या) ज्युरीचा पुरस्कार मिळाला. सौदीने तो ऑस्करसाठीही पाठवला.

मायदेशात मात्र तेव्हा चित्रपटगृहांना बंदी होती. ती उठवल्याची घोषणा डिसेंबर २०१७ मध्ये झाली.