चहाचा हिशेब

आपल्याकडे घरी आलेल्या माणसाला चहा विचारला नाही तर त्याला तो अपमान वाटतो. चतुर्थीच्या उपासालाही चहा चालतो. रमजानच्या रोज्याला मात्र चालत नाही. म्हणून पहिल्या दोन-चार रोज्यांना दुपार कलली की अनेकांचे डोके ठणकू लागते. आमच्याकडे त्याचा सगळा दोष भुकेला दिला जाई. भूक-तहान असतेच, पण रोजच्या चहातले कॅफिन बारा ते चोवीस तास मिळाले नाही की सवयीचे शरीर अशी तक्रार करते. आठवड्याभरात ती बहुधा थांबते. एवढी पकड असलेला हा पदार्थ आपल्या घरात शिरला तरी कसा?

जागरणाशी त्याचे नाते जुने आहे. पंधराव्या शतकात येमेनमधले सूफी रात्रीच्या जिक्रसाठी कॉफी पीत. १५११ मध्ये मक्केचा अधिकारी खैर बेग याने तिच्यावर बंदी घातली, पण ती टिकली नाही. बाबा बुदन यांनी कॉफीच्या सात बिया चिकमगळूरच्या डोंगरात आणल्याची आख्यायिका तर प्रसिद्धच आहे. जागे ठेवणारे द्रव्य कोणते, हे १८१९ मध्ये रुंगे या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने दाखवले. त्याने कॉफीच्या बियांतून कॅफिन वेगळे काढले. चहातही तेच असते.

महाराष्ट्रात चहावरचा पहिला मोठा वाद आरोग्याचा नव्हताच. १८९० मध्ये पुण्यातल्या पंचहौद मिशनमध्ये रानडे, टिळक, गोखले आदी मंडळी गेली असता त्यांच्यापुढे चहा आला आणि शहरात ग्रामण्य उभे राहिले. चहाने धर्म बुडतो का, यावर खल झाला. चहाने झोप बुडते का, हे तेव्हा कुणी विचारले नाही.

पुढे १९३० च्या दशकात परदेशात चहाचे भाव कोसळले. मळेवाल्यांचे लक्ष देशातल्या गिऱ्हाइकाकडे वळले. गावोगाव फुकट चहा पाजला गेला, एका पैशाच्या पुड्या निघाल्या, कारखान्यांत चहाचे ठेले आले. त्याच सुमारास आसामात निघालेल्या सीटीसी यंत्रामुळे कडक रंगाची, स्वस्त दाणेदार चहापत्ती मिळू लागली. थोड्या पत्तीत भरपूर चहा होऊ लागला. आमच्या नाशिक जिल्ह्यातले मालेगाव पाहा. यंत्रमाग रात्रंदिवस खडखडतात आणि त्यांच्याबरोबर चहाची हॉटेलेही जागी असतात.

या लाटेत सावधगिरीचा एक आवाज पुण्यातूनच उठला, तोही कैदेतून. आगाखान पॅलेसमध्ये स्थानबद्ध असताना, महादेवभाई देसाई यांच्या निधनाला दोन आठवडेही झाले नव्हते तेव्हा, गांधीजींनी 'आरोग्यनी चावी' हे गुजराती पुस्तक लिहायला घेतले. ऑगस्ट ते डिसेंबर १९४२ या काळात ते लिहून झाले. चहा-कॉफीची शरीराला गरज नाही, असे त्यांनी त्यात सांगितले. त्यांचा मुख्य आक्षेप टॅनिनवर होता, म्हणजे चामडे कमावताना लागणाऱ्या तुरट द्रव्यावर. घ्यायचाच तर पत्तीवरून गरम पाणी ओतून केलेला फिकट चहा घ्यावा, असा त्यांचा सल्ला होता.

गांधीजींचे सगळेच आहारविचार आज कुणी जसेच्या तसे मानत नाही. पण टॅनिनबद्दलची शंका रास्त होती. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ च्या आहारसूचनांत सांगितले आहे, की जेवणाआधी आणि नंतर तासभर चहा-कॉफी घेऊ नये, कारण टॅनिन अन्नातले लोह शरीराला मिळू देत नाही. महाराष्ट्रात निम्म्याहून अधिक स्त्रियांना रक्तक्षय आहे, हे ध्यानात घेतले तर भाकरीबरोबरच्या चहाचा अर्थ कळतो.

याच सूचनांत दिवसाला ३०० मिलिग्रॅम कॅफिनची मर्यादा दिली आहे. कपभर चहात ते ३० ते ६५ मिलिग्रॅम असते, गाळून केलेल्या कॉफीत ८० ते १२०. म्हणजे चार-पाच कडक कपांतच मर्यादा गाठली जाते. गरोदर स्त्रियांनी २०० च्या आत राहावे, असे अनेक देशांतले डॉक्टर सांगतात. अतिरेकाने छाती धडधडते, हात थरथरतात, पित्त खवळते, मन अस्वस्थ होते. कॅफिन निम्मे व्हायला सरासरी पाच तास लागतात. संध्याकाळी सहाच्या चहातले निम्मे रात्री अकरालाही रक्तात असते. कविसंमेलनानंतर उजाडेपर्यंत छताकडे पाहत पडलेल्या आम्हा कवींना हे वेगळे सांगायला नको.

जागरण ही आम्हा कवींची हौस, पण मागावरच्या कामगाराची ती नोकरी आहे. पहाटे कोरा चहा पिऊन द्राक्षबागेत जाणाऱ्या बाईला चहा आवडतो हे खरे, पण तो भूकही मारतो आणि भाकरीपेक्षा स्वस्त पडतो. तिला 'चहा कमी करा' एवढेच सांगून भागणार नाही. त्या वेळी तिच्या पोटात दुसरे काही जाते का, हेही विचारले पाहिजे. आपल्यासारख्यांनी मात्र शेवटचा कप दुपारीच संपवावा, जेवण आणि चहा यांत तासाभराचे अंतर ठेवावे, लहान मुलांना चहाची सवय लावू नये. आणि सोडायचा झालाच तर एकदम न सोडता रोज अर्धा कप कमी करावा, म्हणजे डोकेही फारसे कुरकुरणार नाही.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)