दप्तर कोणाच्या ताब्यात?



एका बंद पडलेल्या कारखान्याचे हजेरीपट रद्दीत गेले, आणि तीस-तीस वर्षे राबलेल्या माणसांस आपली नोकरी सिद्ध करण्यासाठी वर्षानुवर्षे खेटे घालावे लागले, हे आम्ही डोळ्यांनी पाहिले आहे. तेव्हापासून दप्तर कोणाच्या ताब्यात आहे, हा प्रश्न आम्ही प्रथम विचारतो. आज तो आम्ही संगणकाच्या कोडविषयी, म्हणजे संगणकास दिलेल्या आज्ञांच्या ओळींविषयी, विचारणार आहोत.

२००८ साली अमेरिकेत जेफ ॲटवुड व जोएल स्पोल्स्की यांनी 'स्टॅक ओव्हरफ्लो' हे संकेतस्थळ काढले. अडलेल्याने प्रश्न टाकावा आणि जाणत्याने कोडच्या चार ओळी लिहून त्याची अडचण सोडवावी, हा तेथील रिवाज. उत्तरास मोबदला नाही. मात्र मूळ लेखकाचे नाव देऊन व त्याच अटीवर कोणीही त्याची नक्कल करावी, असा परवाना होता. २००९ पासून सबंध संग्रहाची नक्कलही ठरावीक मुदतीने सर्वांस खुली होऊ लागली. ब्रूस्टर केल यांनी १९९६ साली स्थापिलेल्या 'इंटरनेट अर्काइव्ह' या सार्वजनिक संग्रहात ती पुढे ठेवली जाई. मालक बदलला तरी हे ज्ञान कोंडले जाऊ नये, अशी ही तजवीज होती.

मालक बदललाच. २०२१ साली 'प्रोसस' कंपनीने हे स्थळ १८० कोटी डॉलरला घेतले. २०२३ साली ही नक्कल गुपचूप थांबविण्यात आली. तेथील नियामक, तेही बिनपगारीच, ५ जून २०२३ रोजी संपावर गेले. मूळ तक्रार यंत्रलिखित उत्तरे काढण्यावर घातलेल्या निर्बंधांची होती. नक्कल थांबल्याचे उघडकीस येताच ती पूर्ववत करण्याची मागणीही जोडली गेली. नक्कल त्याच महिन्यात पुन्हा खुली झाली आणि ऑगस्टमध्ये वाटाघाटींनी संप मिटला. ज्यांस पगारच नव्हता, ते दप्तरासाठी लढले!

परंतु २०२४ साली कंपनीने ही नक्कल आपल्याच स्थळावर, खाते उघडून अटी मान्य करणारांसाठी ठेवली.

कोणी म्हणेल, आमच्या फुकट श्रमावर यंत्रबुद्धीच्या कंपन्या गबर होतात. मग नक्कल खुली कशास ठेवावी? ही तक्रार खरी आहे. २०२४ मध्ये काहींनी रागाने आपली उत्तरे पुसूनही पाहिली. पण धन्यावरच्या रागाने हजेरीपट जाळला, तर उद्या आपलाच दावा बुडतो. मोबदल्याचा लढा वेगळा लढावा. परवान्याने हक्क मिळतो हे खरे. परंतु नक्कल हाती नसेल, तर तो हक्क बजावता येत नाही.

म्हणून आमचे सांगणे एवढेच: जे चारचौघांत वाटले, त्याची एक प्रत मालकाच्या दाराबाहेर, लिहिणाऱ्याच्या नावासह ठेवा, आणि तीही वेळीच.