शँडी : अर्धी बिअर, अर्धे लेमोनेड

मद्याची तलफ भागवावी, पण डोके जड होऊ नये, या इंग्रजी मनोवृत्तीतून जन्मलेले पेय म्हणजे शँडी. तिचे मूळ नाव 'शँडीगॅफ'. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास इंग्लंडमध्ये बिअर आणि आल्याचे फसफसणारे पेय, म्हणजे जिंजर बिअर, एकत्र करून ते पीत असत. एच. जी. वेल्स यांच्या १९१० मधील 'द हिस्टरी ऑफ मिस्टर पॉली' या कादंबरीतही शँडीगॅफचा उल्लेख येतो. पुढे आल्याची जागा लेमोनेडने घेतली आणि नावही आखूड झाले.

येथे एक खुलासा आवश्यक आहे. ब्रिटनमध्ये लेमोनेड म्हणजे आपले लिंबू सरबत नव्हे. ते पारदर्शक, गोड आणि वायुयुक्त पेय असते. सरबत वापरल्यास बिअरमधील फेस मरतो आणि मिश्रण मचूळ लागते. आपल्याकडे बाटलीबंद लिंबाचा गोड सोडा चालेल. जुन्या इराणी उपाहारगृहांत मिळणारा आल्याचा सोडा वापरला, तर चव मूळ शँडीगॅफच्या जवळ जाते आणि, प्रस्तुत प्रतिनिधीच्या मते, अधिक रंगतदारही होते.

पारंपरिक प्रमाण निम्मे-निम्मे. दोन्ही बाटल्या आधी चांगल्या गार कराव्यात, कारण कोमट बिअर अनावर फेसाळते. बर्फ टाकू नये. तो वितळून पेय पाणचट होते. उंच पेला तिरका धरून प्रथम लेमोनेड अर्ध्यापर्यंत ओतावे आणि मग बिअर पेल्याच्या कडेवरून संथपणे सोडावी. पेला भरत आला की सरळ करावा, म्हणजे वर दोन बोटे फेस राहतो. चमच्याने ढवळण्याचा मोह टाळावा. ओतण्याच्या धारेनेच दोन्ही द्रव मिसळतात; ढवळल्याने केवळ वायू निघून जातो.

इंग्रज मंडळी यासाठी फिकी लागर किंवा कडवट 'बिटर' वापरतात. लागरमध्ये लेमोनेडचा केवळ शिडकावा असेल, तर त्याला 'लागर टॉप' म्हणतात. जर्मनीत याच मिश्रणाला 'राडलर', म्हणजे सायकलस्वार, असे नाव आहे. म्युनिकजवळच्या फ्रान्झ क्साव्हर कुगलर या खानावळवाल्याने १९२२ मध्ये सायकलस्वारांची झुंड आल्यावर अपुरी पडणारी बिअर लेमोनेड घालून पुरवली, अशी कथा सांगितली जाते. कथा सुरस आहे, मात्र लेना क्रिस्ट या लेखिकेच्या १९१२ च्या आठवणींत हे पेय आधीच आढळते! हॅम्बुर्गकडे त्यालाच 'आल्स्टरवासर' म्हणतात, तर फ्रान्समध्ये 'पानाशे'.

आपल्याकडे खरी गफलत होते ती बिअरच्या निवडीत. पाच टक्के मद्यार्काच्या बिअरची निम्मी शँडी अडीच टक्क्यांची होते. परंतु भारतात लोकप्रिय असलेल्या 'स्ट्राँग' बिअरमध्ये हे प्रमाण आठ टक्क्यांपर्यंत असू शकते. तिची निम्मी शँडी चार टक्क्यांची, म्हणजे सौम्य बिअरच्या जवळपास जाणारी ठरते. गोडव्यामुळे ते जाणवत नाही आणि पेलेही भराभर रिकामे होतात. अर्ध्या लिटरच्या अशा पेल्यात २० मिलिलिटर शुद्ध मद्यार्क असतो. सौम्य बिअरच्या शँडीत साडेबारा. शिवाय पाव लिटर गोड सोड्याबरोबर सुमारे २५ ग्रॅम साखर पोटात जाते, हे मधुमेहींनी ध्यानात घ्यावे.

'शँडीच तर घेतली' म्हणून गाडीची किल्ली हाती घेणारे महाभाग कमी नाहीत. मोटार वाहन कायद्याच्या कलम १८५ नुसार १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅमहून अधिक मद्यार्क आढळल्यास चालक दोषी ठरतो. इंग्लंडमध्ये हीच मर्यादा ८० मिलिग्रॅम आहे, त्यामुळे तिकडचे पेल्यांचे हिशेब इकडे लावू नयेत. श्वासपरीक्षेचे यंत्र मद्यार्क मोजते, त्यात लेमोनेड किती होते ते विचारत नाही.