सर्व्हर-दोषनिदान, खानदेशातील

सर्व्हर-दोषनिदान : बँक, विद्यापीठ, रुग्णालय, कारखाना अशा संस्थांचे सामायिक काम अहोरात्र सांभाळणारा संगणक बिघडला, तर दोष यंत्रभागात आहे, फर्मवेअरमध्ये आहे की वीज व हवेत, हे पुराव्यानिशी ठरवण्याची पद्धत. फर्मवेअर म्हणजे यंत्रभागाच्या चिपमध्येच साठवलेली आज्ञावली. मदरबोर्डचा बायोस, रेड (अनेक डिस्क एका संचात चालवण्याची रचना) सांभाळणारा कंट्रोलर, नेटवर्क कार्ड, डिस्क, पॉवर सप्लाय यांतील प्रत्येकाचे फर्मवेअर वेगळे असते आणि त्याची आवृत्तीही वेगळी.

जळगाव व धुळे जिल्ह्यांत हे काम सहकारी बँका, इस्पितळे, महापालिका, अभियांत्रिकी महाविद्यालये, १५ ऑगस्ट १९९० रोजी स्थापन झालेले व २०१८ पासून कवयित्री बहिणाबाई चौधरी यांचे नाव धारण करणारे उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ, तसेच जिनिंग, डाळ आणि पाइप उद्योग अशा ठिकाणी करावे लागते. यंत्रे जगभर असतात तीच. मात्र त्यांच्या भोवतीचा उन्हाळा, वीज आणि सुट्या भागांच्या गोदामापासूनचे अंतर खानदेशाचे आहे. म्हणून इथल्या निदानाची सुरुवात बहुधा सर्व्हरच्या पेटीबाहेर होते.

एप्रिल-मे महिन्यांत जळगाव-भुसावळ पट्ट्यात पारा ४४-४५ अंशांवर जातो. सर्व्हरच्या तोंडाशी येणारी हवा १८ ते २७ अंश सेल्सिअस असावी, अशी ॲश्रे या अमेरिकी अभियंता-संस्थेची शिफारस आहे, आणि बरेचसे सर्व्हर ३५ अंशांपर्यंतच्या हवेसाठी बनवलेले असतात. धोक्याची घडी बहुतेक वेळा लाइट गेल्यावर येते. यूपीएसवर सर्व्हर चालू राहतो, पण एसी यूपीएसवर नसतो. छोट्या बंद खोलीत यंत्र स्वतःचीच ऊब गिळत राहते. लाइट आली तरी आपोआप सुरू होण्याची सोय नसलेला एसी बंदच राहतो, आणि रविवार असेल तर ते कोणाच्या लक्षातही येत नाही. प्रोसेसर आधी स्वतःचा वेग कमी करतो, पंखे पूर्ण गतीने फिरतात, शेवटी सर्व्हर स्वसंरक्षणासाठी बंद पडतो. सोमवारी सकाळी तक्रार येते ती मात्र ‘मदरबोर्ड गेला’ अशी.

खरे काय घडले ते बीएमसीच्या नोंदवहीत असते. बीएमसी हा मदरबोर्डवरचा स्वतंत्र छोटा संगणक. मुख्य यंत्र बंद असतानाही तो जागा राहतो आणि तापमान, व्होल्टेज, पंखे व स्मृतीतील चुका टिपतो. एचपीईच्या सर्व्हरवर तो आयएलओ, डेलवर आयड्रॅक या नावाने ओळखला जातो. इंटेल, डेल, एचपी आणि एनईसी यांनी १९९८ मध्ये मांडलेल्या आयपीएमआय या मानकातून ही व्यवस्था रुळली. समजा, नोंदवहीत दुपारी २ नंतर एका पॉवर सप्लायचा इनपुट गेल्याची ओळ आहे, पाऊण तासाने आत येणाऱ्या हवेच्या तापमानाचा इशारा आहे आणि त्यानंतर बंद पडल्याची नोंद. अशा वेळी मदरबोर्ड मागवण्याचे काही कारण उरत नाही. एसी आणि त्याची वीजजोडणी पाहावी. वेळा वाचताना दोन गोष्टी तपासाव्या लागतात. बऱ्याच सर्व्हरवर ही नोंद जागतिक प्रमाणवेळेत असते. तीत साडेपाच तास मिळवल्याशिवाय महावितरणच्या फीडर बंद असल्याच्या वेळेशी ती जुळत नाही. शिवाय मदरबोर्डवरची सीआर २०३२ ही नाण्याएवढी बॅटरी संपली असेल तर घड्याळ मूळ तारखेवर जाते आणि सगळा पुरावा निकामी होतो. इतकी स्वस्त बॅटरी वेळेत न बदलल्याने निदान अडून बसते, ही गोष्ट मनाला लागते.

विजेच्या दोषांत अर्थिंगकडे सर्वाधिक दुर्लक्ष होते. तापीकाठची काळी माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. अर्थिंगच्या खड्ड्यातील ओल गेली की मातीचा रोध वाढतो. मग न्यूट्रल आणि अर्थ यांच्यामधील व्होल्टेज चढते. जाणकार तंत्रज्ञ ते दोन-तीन व्होल्टच्या आत ठेवतात. त्यापलीकडे गेल्यास कारण नसताना रीबूट, नेटवर्क पोर्ट लटकणे, पॉवर सप्लाय वारंवार जळणे अशी विस्कळीत लक्षणे दिसतात, आणि त्यांचा दोष नाहक सॉफ्टवेअरवर ढकलला जातो. मल्टिमीटर लावून हे व्होल्टेज मोजायला दोन मिनिटे लागतात. उन्हाळ्यात खड्ड्यात नियमित पाणी घालणे हा जुना उपाय आजही तितकाच उपयोगी आहे. दोन पॉवर सप्लाय असलेला सर्व्हर सुरक्षित मानला जातो. परंतु दोन्ही तारा एकाच यूपीएसच्या एकाच पट्टीत खोचल्या असतील, तर दुसऱ्या पॉवर सप्लायचा उपयोग शून्य.

जिनिंगच्या आवारातील सर्व्हरची गोष्ट निराळी. दसऱ्यानंतर कापूस येऊ लागला की हवेत तंतू उडतात आणि पंख्याच्या जाळीवर त्यांचा नमदा बसतो. हंगामात जाळी वरचेवर झटकावी लागते. उन्हाळ्याची कोरडी हवा अंगावर स्थिर वीज साठवते. मनगटाला पट्टा न बांधता स्मृतीपट्टी हातात घेतली, तर एक दोष काढताना दुसरा आत जाऊ शकतो.

स्मृतीचा दोष ओळखण्याची रीत सोपी, पण शिस्तीची. सर्व्हरच्या ईसीसी स्मृतीत एका बिटाची चूक आपोआप दुरुस्त होते व दोन बिटांची चूक पकडली जाते. एकाच पट्टीवर दुरुस्त झालेल्या चुकांची संख्या वाढू लागली की ती पट्टी दुसऱ्या खाचेत बसवावी आणि वाट पाहावी. चूक पट्टीबरोबर नव्या खाचेत गेली, तर पट्टी खराब. चूक जुन्या खाचेतच राहिली, तर खाच किंवा त्या बाजूचा प्रोसेसर संशयित. सर्व्हर अजिबात सुरूच होत नसेल तर दोन्ही वीजतारा काढून पॉवर बटण अर्धा मिनिट दाबून धरावे, मग एक प्रोसेसर, एक पट्टी, एक पॉवर सप्लाय एवढ्यावर सुरू करून एकेक भाग वाढवत न्यावा. एका वेळी दोन भाग बदलले की बिघाड गेला तरी कशामुळे गेला ते कळत नाही.

डिस्कच्या बाबतीत मात्र घाई महागात पडते. रेड ५ मध्ये एक डिस्क गेलेली चालते, रेड ६ मध्ये दोन. रेड ५ मधील एक डिस्क मृत असताना चुकून शेजारची चांगली डिस्क ओढली, की संपूर्ण संच कोसळतो. म्हणून कंट्रोलरमधून त्या डिस्कचा दिवा लुकलुकवून खात्री केल्याखेरीज हात लावू नये. डिस्क नव्या सर्व्हरमध्ये हलवल्यावर पडद्यावर ‘फॉरेन’ असा शब्द दिसतो. तिथे ‘इम्पोर्ट’ निवडायचे असते. ‘क्लिअर’ निवडल्यास रचनेची नोंद पुसली जाते. बँकेत दिवसअखेरचे काम एकाएकी कितीतरी पट लांबले, तर कंट्रोलरच्या कॅशची बॅटरी पाहावी. ती संपली की कंट्रोलर लिखाण कॅशमध्ये न साठवता थेट डिस्कवर करतो आणि वेग कोसळतो. कोणताही दिवा विझत नाही, त्यामुळे हा दोष अनेक दिवस सॉफ्टवेअरच्या खाती पडून राहतो.

फर्मवेअरचा दोष किती घातक असू शकतो ते नोव्हेंबर २०१९ मध्ये दिसले. एचपीईने आपल्या काही एसएएस एसएसडींबाबत इशारा दिला : ३२,७६८ तास, म्हणजे ३ वर्षे २७० दिवस ८ तास, चालल्यावर या डिस्क कायमच्या बंद पडतील आणि त्यांतील माहिती परत मिळणार नाही. हा आकडा २ चा १५वा घात आहे. १६ बिटांच्या चिन्हयुक्त गणकात ३२,७६७ पर्यंतच मोजता येते. मार्च २०२० मध्ये दुसऱ्या काही डिस्कबाबत ४०,००० तासांचा असाच इशारा आला. एकाच दिवशी बसवलेल्या सगळ्या डिस्क जवळपास एकाच वेळी जाणार असल्याने रेडचे कवच इथे कामाला येत नव्हते. उपाय होता तो वेळेत नवे फर्मवेअर चढवण्याचा. उलट बाजूही आहे. प्रोसेसरमधील स्पेक्टर त्रुटीवर काढलेल्या मायक्रोकोडमुळे, म्हणजे प्रोसेसरच्या आतील आज्ञावलीमुळे, काही सर्व्हर अधूनमधून रीबूट होऊ लागले, तेव्हा २२ जानेवारी २०१८ रोजी इंटेलनेच तो चढवणे थांबवण्यास सांगितले. त्यामुळे ‘चालतेय ना, मग हात लावू नका’ हे धोरण जितके चूक, तितकीच आली आवृत्ती की चढव ही सवयही. आवृत्तीसोबतचे टिपण वाचणे, बॅकअप परत उघडून पाहणे, आधी कमी महत्त्वाच्या यंत्रावर चढवणे आणि यूपीएसची बॅटरी तपासलेली असणे या चार अटी पाळूनच काम करावे. फर्मवेअर चढत असताना वीज गेली तर भाग निकामी होऊ शकतो. बीएमसी स्वतःच अडकला असेल, तर बहुतांश सर्व्हरवर तो एकटा रीसेट करता येतो. चालू कामाला धक्का लागत नाही.

सुट्या भागांच्या गोदामापासूनच्या अंतराचा प्रश्न शेवटी उरतोच. मुंबई जळगावपासून रेल्वेने सुमारे ४२० किलोमीटर. करारात चार तासांत भाग देण्याचे कलम असले, तरी ते आपल्या पिनकोडला लागू आहे का, हे सही करण्यापूर्वी विचारावे. चुकीच्या निदानावर मागवलेला भाग आला की पुढचा आणखी एक दिवस जातो. म्हणून बीएमसी आणि कंट्रोलरच्या नोंदींचा संपूर्ण गठ्ठा अनुक्रमांकासह कंपनीकडे आधी पाठवून, भाग त्यानंतरच हलवायचा, हा क्रम या भागात अधिक कडकपणे पाळायला हवा. कपाटात एक जुळणारी डिस्क, एक पॉवर सप्लाय, कॅशची बॅटरी आणि सीआर २०३२ ठेवावी. डिस्कवर ती घेतल्याची तारीख व फर्मवेअरची आवृत्ती चिकटवावी. सदोष आवृत्तीचा इशारा आला तर कपाटातली डिस्कही तपासावी लागते.