एका बोलपटाची नांदी

नाटकाला जशी नांदी, तशी बोलपटाला नामावळी. दिवे मालवतात, पडद्यावर नांवें उमटूं लागतात, आणि प्रेक्षक तेवढ्या अवधींत खुर्चींत सांवरून बसतो. या दोनतीन मिनिटांना स्वतंत्र इतिहास असूं शकेल, हें सहसा कोणाच्या ध्यानींमनींहि येत नाहीं. परंतु १९५५ सालच्या एका अमेरिकन बोलपटाच्या प्रारंभाला असा इतिहास आहे, आणि तोच आज आपणांपुढें मांडावयाचा आहे.

त्या बोलपटाचें नांव 'ब्लॅकबोर्ड जंगल'. इव्हॅन हंटर यांची कादंबरी १९५४ सालीं प्रसिद्ध झाली आणि पुढल्याच वर्षीं रिचर्ड ब्रुक्स यांनीं ती मेट्रो-गोल्डविन-मेयर कंपनीसाठीं पडद्यावर आणली. शहरांतील धंदेशिक्षणाचें एक हायस्कूल, तेथील उद्दाम विद्यार्थी, आणि त्यांना वळण लावूं पाहणारा नवा शिक्षक, असा कथाविषय.

विषय नाजूक होता. आपल्या शाळांची ही बदनामी आहे, असा आक्षेप येणार हें निर्मात्यांनीं ओळखलें असावें. कारण आरंभींच पडद्यावर एक निवेदन येतें. आमची शिक्षणव्यवस्था अभिमानास्पद आहे, तथापि बालगुन्हेगारीची चिंता वाटते, आणि लोकजागृति ही उपायाची पहिली पायरी होय, असा त्याचा आशय. मागें लष्करी थाटाचा ढोल वाजत असतो. निवेदन संपतें, ढोलाचा नूर पालटतो, आणि बिल हेली व त्यांच्या 'कॉमेट्स' या वाद्यवृंदाचें 'रॉक अराउंड द क्लॉक' हें गाणें नामावळीबरोबर दणाणूं लागतें.

गाणें नवें नव्हतें. १२ एप्रिल १९५४ रोजीं तें ध्वनिमुद्रित झालें, एका तबकडीच्या दुसऱ्या बाजूला निघालें, आणि बेताचेंच खपलें. शिक्षकाची भूमिका करणाऱ्या ग्लेन फोर्ड यांच्या लहानग्या मुलाच्या संग्रहांतून ती तबकडी ब्रुक्स यांच्या हातीं आली. बोलपट लागल्यानंतर मात्र जुलै १९५५ मध्यें तें गाणें अमेरिकेंतील लोकप्रियतेच्या यादींत पहिलें आलें व आठ आठवडे तेथेंच राहिलें.

आतां मौज पाहा. गाण्यांत गुन्ह्याचा शब्दहि नाहीं. रात्रभर नाचण्याची हौस, एवढाच त्याचा विषय. पण 'बालगुन्हेगारी' हा शब्द डोळ्यांपुढून हलतो न हलतो, तोंच हे सूर कानीं आले. त्या शेजारामुळें वडीलधाऱ्यांना त्या संगीतांत उच्छृंखलपणा ऐकूं आला, आणि तरुणांना आपलें असें कांहीं गवसलें. पुढें कथेंत एक शिक्षक आपल्या जॅझच्या तबकड्या मोठ्या ममतेनें वर्गांत आणतो आणि विद्यार्थी त्या फोडून टाकतात. नामावळीनें सुचविलेलें तेंच येथें घडतें: गुरूंचें संगीत शिष्यांचें राहिलेलें नाहीं.

निवेदनानें आक्षेपहि टळले नाहींत. इटलींतील अमेरिकन राजदूत क्लेअर बूथ लूस यांच्या विरोधामुळें १९५५ च्या व्हेनिस महोत्सवांतून हा बोलपट काढून घ्यावा लागला.

तें निवेदन मुलांविषयीं होतें, परंतु मोठ्यांसाठीं लिहिलेलें होतें. मुलांनीं तें वाचण्याचे कष्ट घेतले नसावेत. त्यांनीं गाणें ऐकलें. पुढल्या पिढीशीं बोलूं इच्छिणाऱ्या शिक्षकानें, पालकानें, आणि आम्हां नभोवाणीवरून बोलणारांनींहि, ती पिढी कोणता सूर ऐकत आहे याची आधीं चौकशी केलेली बरी.